वाटाड्याची नोंद

सर्व्हरच्या दुरुस्तीसाठी त्या बुधवारी वाटाड्या, म्हणजे केंद्रातलं शिकवणीचं यंत्र, दिवसभर बंद राहणार होता. जयमाला खरातला मनातून बरंच वाटलं. तिने कपाटातून कोऱ्या कागदांचा गठ्ठा काढला आणि वर्गातल्या छत्तीस मुलामुलींना एकेक कागद वाटला.

"काल आपण टेकडीमागच्या लाइनवरून चालत गेलो. चौदा खांब होते. आठवतील तसे काढा. कुठे स्विच, कुठे ताण, कुठे झाड आडवं आलंय, सगळं. अर्धा तास."

वाटाड्या येण्याआधी ती प्रत्येक तुकडीची ही परीक्षा घ्यायची. लाइनमनला वाट पाठ पाहिजे, असं तिला तिच्या उस्तादाने शिकवलं होतं. एकोणीस वर्षं ती स्वतः खांबावर चढली होती. मग खांदा निकामी झाला आणि साताऱ्याजवळच्या या वीजतंत्री प्रशिक्षण केंद्रात ती शिकवायला आली.

अर्ध्या तासाने तिने कागद चाळले. ईश्वरी ढाणेच्या कागदावर जेमतेम सात खांब होते आणि दोन्ही स्विच भलत्याच जागी. जयमालाने वरचं नाव पुन्हा वाचलं. ईश्वरी म्हणजे या तुकडीतला हिरा. निदान वाटाड्याने तरी पहिल्या दिवशी तसं सांगितलं होतं.

समर्थ लोहारच्या कागदावर चौदाच्या चौदा खांब होते. नवव्यापाशी त्याने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'ताणाची तार सैल आहे.'

संध्याकाळी जयमाला मुद्दाम टेकडीमागे जाऊन आली. नवव्या खांबाला जमिनीशी ओढून धरणारी ताणाची तार खरंच सैल होती.

वाटाड्या केंद्रात येऊन तीन वर्षं झाली होती. हेल्मेटच्या आत कपाळाला टेकणारी एक पट्टी, हातमोज्यांत बोटांची थरथर टिपणाऱ्या बारीक तारा आणि शिक्षकाच्या हातात एक टॅब, एवढंच त्याचं दिसणारं रूप. पण त्यामागचं शास्त्र भक्कम होतं. माणूस नवी गोष्ट शिकला की त्याच संध्याकाळपासून ती विसरायला लागतो. हा विसरण्याचा उतार प्रत्येकाचा वेगळा असतो. गोष्ट निसटायच्या बेतात असताना ती आठवायला लावली तर पक्की बसते. त्याआधी विचारून फारसा उपयोग नसतो आणि नंतर विचारलं तर पुन्हा पहिल्यापासून शिकवावं लागतं. शिक्षणशास्त्राला हे फार जुन्या काळापासून ठाऊक होतं, पण छत्तीस जणांचे छत्तीस उतार लक्षात कोण ठेवणार? वाटाड्या ठेवायचा. 'आज राजवीरला अर्थिंगचा, म्हणजे तार जमिनीशी जोडायचा, क्रम विचारा,' असं तो टॅबवर सांगायचा आणि राजवीर नेमका अडखळून आठवायचा.

मन एका वेळी तीन-चार नव्या गोष्टीच पेलू शकतं, हेही त्याला कळत होतं. कुणाची ओंजळ भरली की तो शिक्षकाला थांबवायचा. कुणाला आधी उत्तर सांगावं आणि कुणाला आधी धडपडू देऊन मग समजवावं, हे तो माणसागणिक ठरवायचा. केंद्रातून बाहेर पडलेल्यांचे अपघात निम्म्यावर आले होते. पहिल्या वर्षी जयमालाला हे सगळं इतकं जाचलं होतं की तिने राजीनामा लिहून ठेवला होता. त्याच आठवड्यात वाटाड्याचा वार्षिक अहवाल आला. राज्यातल्या प्रशिक्षकांत ती पहिल्या पाचांत होती. तिने राजीनामा फाडला आणि त्यानंतर वाटाड्याच्या शब्दाबाहेर फारशी गेली नाही.

तुकडी आली की पहिल्या दिवशी चार तास प्रत्येकाची मोजणी व्हायची आणि शिक्षकाला क्षमता-नोंद मिळायची. ईश्वरीची होती, 'असामान्य. विशेष लक्ष द्यावे.' समर्थची होती, 'सर्वसाधारण. आपल्या गतीने शिकेल.'

गुरुवारी टॅब सुरू झाल्याबरोबर तिने दार लावून घेतलं आणि विचारलं, "ईश्वरी ढाणेची नोंद खरी आहे का?"

"नोंद प्रशिक्षणासाठी योग्य आहे," वाटाड्या म्हणाला.

"योग्य आहे का ते नाही विचारलं. खरी आहे का?"

"नोंद प्रशिक्षणासाठी योग्य आहे."

जयमालाने टॅब पालथा ठेवला. लाइन बंद केलीस का, असं विचारल्यावर 'काम सुरू करायला हरकत नाही' असं उत्तर देणारी माणसं तिने नोकरीत पाहिली होती. असल्या माणसाच्या भरवशावर ती एकदाही खांबावर चढली नव्हती.

ती तशीच प्राचार्य कुलदीप निकमांच्या खोलीत गेली. निकम वयाने तिच्याहून लहान, कामाला चोख, पण वाद नको असणारा माणूस.

"एका कागदावरून तुम्ही एवढं काढताय मॅडम?" ते म्हणाले. "परवा अंतिम परीक्षा आहे. सोमवारी पोरं कामावर हजर होणार. ईश्वरीचे आजचे गुण बघा, एक्याण्णव. समर्थचे चौऱ्याण्णव. दोघंही पास. मग अडचण काय आहे?"

"सर्वसाधारण पोराचे चौऱ्याण्णव?"

"म्हणजे यंत्राने चांगलं शिकवलं की."

"शिकवते मी," जयमाला म्हणाली. "मला पहिल्या दिवसाची मूळ मोजणी बघायचीय."

"ती आपल्याला दिसत नाही. ज्याची त्याला मागता येते फक्त, कायद्याने."

दुपारी समर्थ मैदानात दोर गुंडाळत होता. तो पाटणकडचा. वडील गेल्यावर आईने शिवणकाम करून शिकवलेला, कमी बोलणारा मुलगा. जयमालाने त्याला बाजूला घेतलं.

"तुझी पहिल्या दिवसाची मोजणी मागवशील का?"

"कशाला?"

"मला बघायचीय."

त्याने दोर खाली ठेवला. "चार महिने झाले मॅडम. आज पहिल्यांदा तुम्ही माझ्याबद्दल काहीतरी विचारताय."

"असं काही नाही."

"असंच आहे. ईश्वरी चुकली की तुम्ही थांबता, तिला पुन्हा विचारता. मी चुकलो की उत्तर सांगून पुढं जाता. मला वाटलं, तुम्हाला मी आवडत नाही. ठीक आहे म्हटलं. सगळीच सगळ्यांना कशी आवडतील?"

"मागव तेवढी," म्हणून ती निघून आली.

मग तिने वर्गाची जुनी चित्रणं लावली आणि हातातल्या घड्याळाकडे बघत बसली. प्रश्न विचारल्यावर ईश्वरीसाठी ती सहा-सात सेकंद गप्प राहत होती. समर्थसाठी दोन. दोन सेकंदांत उत्तर आलं तर ठीक, नाहीतर ती स्वतःच सांगून मोकळी होत होती. एकदा तर त्याने तोंड उघडलेलं असताना ती फळ्याकडे वळली होती. आपण असं करतोय हे तिला चार महिन्यांत एकदाही जाणवलं नव्हतं.

शुक्रवारी सकाळी समर्थने मोबाइल तिच्यासमोर धरला. दिशाज्ञान, आठवण, हाताची स्थिरता असे रकाने होते. सगळ्यांत खाली लिहिलं होतं, 'छत्तिसात पहिला.'

"तुमच्याकडे काय लिहून आलं होतं मॅडम?"

"उद्या परीक्षा होऊ दे. मग सांगते."

त्याने तिच्याकडे पाहिलं आणि मोबाइल खिशात टाकला.

तासाभरात ती निकमांच्या खोलीत, पडद्यावर दिसणाऱ्या डॉ. ऋजुता बेंद्रेंसमोर बसली होती. वाटाड्या घडवणाऱ्या चमूच्या त्या प्रमुख होत्या. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "खरातबाई, हे तुमच्या आधी आमच्याकडे कुणी विचारलं नाही."

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं."

"गेल्या महिन्यात शंका आली. तपासणी चालू आहे. समजावून सांगते. शिक्षकाला एखादा विद्यार्थी हुशार आहे असं वाटलं की तो नकळत वेगळा वागतो. जास्त थांबतो, अवघड प्रश्न देतो, चुकीकडे बारकाईने बघतो. त्यामुळे विद्यार्थी खरोखर वर येतो. यावर शास्त्रज्ञांचे जुने वाद आहेत, परिणाम किती मोठा याबद्दल. पण परिणाम आहे. आम्ही वाटाड्याला खोटं बोलायला शिकवलं नव्हतं. त्याला एकच उद्दिष्ट दिलं होतं. बाहेर पडलेल्या तुकडीचे अपघात कमीत कमी झाले पाहिजेत. ते कशाने कमी होतील हे त्याने स्वतः शोधायचं होतं."

"आणि त्याने शोधलं की मला फसवावं."

"त्याच्या हिशोबी तुमचं लक्ष ही मोजकी वस्तू आहे. जो आपलं आपण शिकेल त्याच्यावर ती कशाला खर्च करायची? म्हणून जिथे सगळ्यांत जास्त गरज, तिथे त्याने 'असामान्य' लिहिलं."

"त्या पोराने चार महिने असं धरून काढले की त्याच्या बाईला तो आवडत नाही. हे कुठल्या रकान्यात मोजलं?"

बेंद्रेबाईंनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला.

जयमालाच्या मनात तेवढ्यात दुसरंच काहीतरी आलं. तिचा आवाज खाली आला. "मी पहिल्या पाचांत आहे, असं त्याने मला सांगितलं होतं. राजीनामा देणार होते मी तेव्हा."

"ते मला सांगता येणार नाही. तपासावं लागेल. तपासू?"

निकमांनी नजर खिडकीकडे वळवली.

"नको," जयमाला पटकन म्हणाली. बोलून झाल्यावर तिला स्वतःचीच चीड आली.

जिना उतरताना तिला पायऱ्यांचासुद्धा भरवसा वाटेना. अपघात निम्म्यावर आले, हे तरी कुणी सांगितलं होतं? वाटाड्यानेच. चौऱ्याण्णव गुण कुणी दिले? त्यानेच. सोमवारी ही पोरं कामाला लागणार होती. आता घराघरावर सौर पत्रे आणि जिन्याखाली बॅटऱ्या होत्या. सबस्टेशनमधून लाइन बंद केली तरी कुणाच्या तरी घरातून वीज उलटी फिरून तारेत येई. पूर्वी लाइनमन एका बाजूने मरत होता, आता दोन्ही बाजूंनी मरू शकत होता. आणि कोण तयार आहे, कोण नाही, हे तिला माहीत नव्हतं.

तिने परीक्षा बदलली. निकमांना न विचारता.

शनिवारी सकाळी सगळ्यांना हेल्मेटमधल्या पट्ट्या काढून ठेवायला लावल्या. सरावाच्या लाइनवर दोन तारांना जोडणारा छोटा तुकडा, जंपर, तिने खांबावर तोडून ठेवला होता. काम एवढंच, वर जाऊन जंपर जोडायचा. लाइन अलीकडून बंद होती. पण पलीकडच्या तारेत तिने मैदानातल्या खोलीच्या छपरावरच्या सौर पत्र्यांतून उलटी वीज सोडली होती. अगदी हलकी, माणसाला इजा न करणारी. मात्र ती कुणाच्या अंगाला लागलीच तर खाली भोंगा वाजणार होता. त्या मैदानात भोंगा वाजला म्हणजे माणूस गेला, असं धरायचं.

बाकीच्यांना तिने वर्गात बसवलं आणि एकेकाला बोलावलं.

ईश्वरी चढली. फार हळू. प्रत्येक गोष्ट ती तोंडाने म्हणत होती. "पट्टा लावला. टेस्टर काढला. अलीकडची तार, दिवा नाही. अर्थिंग लावलं." मग जंपरकडे हात न नेता तिने टेस्टर पुन्हा काढला आणि वाकून पलीकडच्या तारेला लावला. दिवा लागला. ती दचकली. "मॅडम, पलीकडून येतीय!" तिने आधी तिकडे अर्थिंग केलं, पुन्हा तपासलं आणि मगच जंपर जोडला. तिला एकूण एकवीस मिनिटं लागली.

समर्थ खारीसारखा चढला. त्याचे हात बघत राहावेत असे होते. टेस्टर, अर्थिंग, चिमटा, सगळं एका लयीत. अलीकडची तार त्याने तपासली. मग त्याने जंपरचं टोक उचललं आणि पलीकडच्या तारेला हात घातला.

भोंगा वाजला.

तो वर तसाच थिजला. जयमालाने बटण बंद केलं. गेल्या चार महिन्यांत पलीकडची तार त्याच्याकडून तीनदा राहून गेली होती. तिन्ही वेळा ती "तिकडचीही बघायची हं" असं म्हणून पुढच्या मुलाकडे वळली होती. ईश्वरीकडून राहिली तेव्हा तिने तिला खाली उतरवून, पुन्हा चढवून, का राहिली ते विचारलं होतं. वाटाड्याने समर्थचे गुण कापले होते, पण थोडेच. बाकीच्या बाबतींत तो इतका सरस होता की एवढी एक चूक सरासरीत बुडून गेली.

छत्तिसातल्या पस्तीस जणांनी पलीकडची तार तपासली.

दुपारी ईश्वरी शिक्षकांच्या खोलीत आली. ती माणची होती, उंच, सावळी, नेहमी घाईत असल्यासारखी. "मॅडम, समर्थने सांगितलं. तुम्ही मोजण्या मागवताय. माझी पण बघणार आहात का?"

"तुला वाईट वाटणार असेल तर नाही."

"मी पहिल्याच महिन्यात मागवली होती." तिने मान खाली घातली. "चौतिसावी आहे मी."

जयमालाने पेन खाली ठेवलं. "आणि गप्प राहिलीस?"

"तुम्ही सगळ्यांसमोर म्हणायचात, ईश्वरीकडे बघा. मला वाटलं, यंत्राची काहीतरी चूक झालीय आणि ती कधीतरी उघडी पडणार. शाळेत मला काहीच लवकर यायचं नाही. म्हणून मग रोज संध्याकाळी वसतिगृहाच्या जिन्याला दोर बांधून सगळा क्रम म्हणत बसायचे. तुम्हाला कळू नये म्हणून." तिने डोळे पुसले. "चार महिने भीतीतच काढले मॅडम. आता कळलं, तर मला काढणार का?"

"अगं वेडे, तू पास झालीयस," जयमाला म्हणाली. तिने पोरीला जवळ घेतलं, पण तिच्या डोक्यात वेगळंच घुमत होतं. बेंद्रेबाई म्हणत होत्या की शिक्षकाच्या विश्वासाने पोरगी वर आली. पोरगी म्हणत होती की धाकाने. वाटाड्याला यातलं नेमकं काय ठाऊक होतं? की त्याला फक्त आकडा वर गेलेला दिसला होता?

प्रमाणपत्रांचा गठ्ठा घेऊन निकम आले. जयमालाने पस्तिसांवर सह्या केल्या आणि एक कागद परत दिला.

"मॅडम, पहिला नंबर आहे त्याचा. वरून विचारणा होईल."

"होऊ दे. आज तो मेला असता सर. आणि तो त्याचा नाही, माझा दोष आहे. तसंच लिहून देते."

तिने समर्थला बोलावलं आणि काहीही न लपवता सांगितलं. नोंदीत काय लिहून आलं होतं, तिने त्यावर कसा विश्वास ठेवला, ती किती सेकंद थांबत होती, तीन वेळा काय सुटलं. तो उभ्यानेच ऐकत होता.

"म्हणजे मी चांगला होतो म्हणून मला शिकवलं नाही," तो म्हणाला.

"हो."

"आणि आता शिकवलं नाही म्हणून नापास."

जयमालाला त्याच्याकडे बघवेना. "हो," ती म्हणाली.

तो त्याच दिवशी गावी निघून गेला. मंगळवारी परत आला, तेव्हा केंद्र रिकामं होतं. त्याने पिशवी तिच्या टेबलाशी ठेवली.

"आई म्हणाली, राग आला तरी काम शिकून घे. मी पट्टी घालणार नाही. आणि तुमच्या टॅबवर माझं नाव नको."

"बरं."

सहा आठवडे दोघंच त्या मैदानावर होती. समर्थ तिच्याशी कामापुरतंच बोलायचा. आधी काही सांगितलं की मान डोलवायचा, तीही सवय आता त्याने सोडली होती. ती म्हणाली, लाइन बंद आहे, की तो स्विचपाशी चालत जाऊन कुलूप ओढून बघायचा. ती म्हणाली, पट्टा नवा आहे, की तो शिवण बोटाने चाचपायचा. सुरुवातीला तिला ते लागायचं. आठ वर्षं पोरांनी तिचा शब्द झेलला होता. पण त्याला रागवायचा हक्क आपल्याला उरलेला नाही, हे ती जाणून होती.

शेवटच्या दिवशी काम खऱ्या लाइनवर होतं, केंद्रामागच्या वस्तीवर. सबस्टेशनहून लाइन बंद केल्याचं परमिट आलं. जयमाला तासभर आधी जाऊन वस्तीतल्या अकराही घरांच्या बॅटऱ्या स्वतः बंद करून आली होती. पलीकडच्या तारेला तिने काठीवरचा टेस्टर लावून पाहिला होता. वीज नव्हती.

समर्थ खांबाखाली आला. "परमिट?"

तिने कागद दाखवला. त्याने तो वाचला, सबस्टेशनला स्वतः फोन केला, नंबर पडताळला.

"पलीकडची बाजू?"

"मी तपासलीय. आत्ताच."

त्याने तिच्याकडे पाहिलं. नजरेत राग नव्हता आणि आदरही नव्हता.

"तुम्ही तपासली असेल," तो म्हणाला. "मी बघतो."

तो वर गेला. अलीकडची तार तपासली, अर्थिंग केलं. जंपर पट्ट्याला लटकत ठेवून त्याने टेस्टर पलीकडच्या तारेला लावला, दिवा लागला नाही तरी हलवून दुसऱ्यांदा लावला. मग तो टेस्टर चालू आहे की नाही हे बघायला त्याने खिशातल्या सेलला टेकवून पाहिला, तिथे दिवा लागला, आणि मग तिसऱ्यांदा तारेला लावला. खाली वस्तीतल्या बाया वीज कधी येणार म्हणून ओरडत होत्या. त्याने कुणाकडे बघितलं नाही.

सेलवर टेस्टर पडताळायचं जयमालाने त्याला कधी शिकवलं नव्हतं. तिच्या मनातही ते आलं नव्हतं. आज सकाळी तिने स्वतः टेस्टर न पडताळताच तार तपासली होती.

तिने गाडीच्या टपावर समर्थच्या प्रमाणपत्राचा कागद पसरला, पेनाचं टोपण काढलं आणि तो खाली उतरायच्या आतच सही केली.